शुक्रवारची मालमत्ता आणि पाहुण्यांच्या दोन खोल्या : अगत्ती बेटावरील एका घरगुती निवासाचा अनुभव

भुसावळच्या शाळेत सत्तावीस वर्षे शिकवत असताना मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेसची घोषणा मी फलाटावर अगणित वेळा ऐकली आणि दर वेळी मनात येऊन गेले, की या नावातले लक्षद्वीप आपल्याला कधी पाहायला मिळेल का. निवृत्तीनंतर गेल्या फेब्रुवारीत मी आणि माझे पती अखेर त्याच गाडीत बसलो. दोन रात्री आणि मधला एक दिवस प्रवास केल्यावर एर्णाकुलमला गाडी संपते. नावातले लक्षद्वीप मात्र तिथून पुढे समुद्रापलीकडे उरतेच. कोचीपासून सुमारे ४६० किलोमीटरवर असलेल्या अगत्ती बेटावर एका कुटुंबाच्या घरात आम्ही सहा दिवस राहिलो, आणि हे परीक्षण त्या निवासाचे आहे. घराचे नाव मी देत नाही, कारण त्यांच्याकडे पाहुण्यांसाठी दोनच खोल्या आहेत आणि पाहुणे ओळखीतूनच यावेत अशी घरच्या मालकिणीची इच्छा आहे. तथापि अगत्तीवर आता इतरही घरे पाहुण्यांना ठेवून घेतात, आणि मी पुढे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्यांनाही लागू पडेल.

आमच्या जाण्यामागचे कारण केवळ पर्यटन नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिली, तिथली छायाचित्रे देशभर पोहोचली, आणि त्यानंतर काही महिन्यांतच जळगावातील एका परिचिताने माझ्या पतींना समुद्रकिनारी जागा घेऊन ठेवण्याचा सल्ला देण्यास सुरुवात केली. आज घेतलेली जागा दहा वर्षांत सोने होईल, तिथे चार खोल्या बांधून भाड्याने द्याव्यात, केळीच्या शेतीत आता काय राहिले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. करपा, वादळ आणि भावाची घसरण यांनी तीन हंगाम सलग होरपळलेल्या शेतकऱ्याला हे बोलणे किती पटकन लागू शकते, ते केळी पट्ट्यातील वाचकांना वेगळे सांगायला नको. यावलजवळची दोन एकर जमीन विकून बेटावर पैसा गुंतवावा, इथपर्यंत आमच्या घरात बोलणे गेले होते. म्हणून आधी जाऊन राहून बघू, असे मी सुचवले. एखाद्या गावात जमीन घ्यावी की नाही हे त्या गावच्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही, असे माझे मत होते आणि आजही आहे.

प्रवासाची व्यवस्था हा या अनुभवातला सर्वांत दुबळा भाग होता. लक्षद्वीपमध्ये बाहेरच्या भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी आम्ही आमच्या पोलीस ठाण्यातून चारित्र्य पडताळणीचा दाखला घेतला, छायाचित्रे आणि ओळखपत्रांच्या प्रती दिल्या, आणि परवान्याचे काम एका मध्यस्थ व्यवस्थापकाकडे सोपवले. त्याने ठरलेल्या रकमेपेक्षा दोनदा जास्त पैसे मागितले, जहाजाची तारीख आम्हाला न विचारता बदलली आणि परवाना निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हातात दिला. होमस्टेच्या कुटुंबाचा यात काहीही दोष नाही; किंबहुना त्यांनीच कोचीतील एका नातेवाइकामार्फत आमची अडचण सोडवली. पुढच्या वेळी मी यजमान कुटुंबाशी थेट बोलून परवाना त्यांच्यामार्फतच काढीन. ज्यांना कुटुंबात राहायचे नसेल त्यांच्यासाठी लक्षद्वीप प्रशासनाच्या स्पोर्ट्स या संस्थेच्या सहली असतात, परंतु त्यांचे वेळापत्रक त्यांच्या सोयीचे असते.

कोचीहून अगत्तीला लहान विमानही जाते आणि साधारण दीड तासात पोहोचवते. बेटाच्या दक्षिण टोकाला दोन्ही बाजूंनी समुद्र असलेली अरुंद धावपट्टी आहे. आम्ही जाताना जहाज निवडले, आणि साठीच्या पुढच्या माणसांनी हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा, असे मी म्हणेन. रात्रभराचा प्रवास बरा झाला. अवघड होते ते उतरणे. बेटाभोवती प्रवाळाची भिंत असल्यामुळे मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबते, त्याच्या कुशीतले दार उघडते आणि खाली वरखाली होणाऱ्या छोट्या होडीत पाऊल टाकावे लागते. लाट होडीला वर आणते त्या क्षणी खलाशी दंड धरून माणसाला अक्षरशः उचलून घेतात. माझ्या पुढच्या बाईंच्या कडेवर तीन महिन्यांचे मूल होते. ते मूल जहाजातून होडीत एका खलाशाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेले आणि रडलेसुद्धा नाही. बेटावरच्या माणसांसाठी दवाखाना, महाविद्यालय, सिमेंट, कांदा, डिझेल या सगळ्यांची वाट या होडीतून जाते, हे त्या एका क्षणात मला कळले.

अगत्ती म्हणजे जेमतेम चार चौरस किलोमीटर जमीन. लांबी सहा-सात किलोमीटर आणि रुंदी सर्वांत जास्त आहे तिथेही सुमारे एक किलोमीटर. आमच्याकडे मोठ्या बागाईतदाराचे शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला जितका वेळ लागतो, त्याहून फार जास्त वेळ बेट आडवे ओलांडायला लागत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार येथे साडेसात हजारांच्या आसपास माणसे राहतात, म्हणजे आमच्या भागातले एखादे मोठे गावच. हे गाव समुद्रसपाटीपासून दोन-चार मीटर उंच असलेल्या प्रवाळाच्या वाळूवर, नारळीच्या सावलीत बसलेले आहे. डोंगर नाही, नदी नाही, ओढा नाही, नांगरण्याजोगी माती जवळपास नाही. साप नाहीत आणि कुत्रीही नाहीत. रात्री केळीच्या बागेत पाणी द्यायला जाताना बॅटरी आणि काठी घेतल्याशिवाय पाऊल न टाकणारे माझे पती तिथे अनवाणी, अंधारात, किनाऱ्यापर्यंत फिरून येऊ लागले, तेव्हा सहा दिवसांपैकी तो तिसरा दिवस होता.

घर गल्लीच्या आत आहे. जुना भाग प्रवाळाच्या दगडांचा आणि चुन्याचा, नवा भाग सिमेंटचा, मधे पांढऱ्या वाळूचे अंगण, आणि त्या अंगणावर रोज सकाळी खराट्याच्या रेषा उमटलेल्या. पाहुण्यांच्या दोन्ही खोल्या नव्या भागात आहेत. पलंग, पंखा, वातानुकूलन यंत्र, मच्छरदाणी, कपाट आणि खोलीला लागून संडास-न्हाणीघर, इतकेच त्यात आहे आणि ते सर्व चालू स्थितीत होते. चादरी जुन्या पण रोज उन्हात घातलेल्या होत्या. हॉटेलच्या सवयीने जाणाऱ्याला ही खोली साधी वाटेल, परंतु मी माझ्या नात्यातल्या घरांमध्ये अशी स्वच्छता फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. वातानुकूलन यंत्र रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंतच वापरावे, अशी विनंती भिंतीवर हिंदीत लिहिलेली आहे. बेटाची वीज मुख्यतः डिझेलच्या जनित्रांवर चालते आणि ते डिझेल समुद्रातून येते, हे ठाऊक असल्यावर ही विनंती जाचक वाटत नाही.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण त्याविषयी त्या कुटुंबाने जे दाखवले ते कोणत्याही माहितीपत्रकात मला वाचायला मिळाले नव्हते. पावसाचे पाणी वाळूतून खाली उतरते आणि जड खाऱ्या पाण्यावर हलक्या गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. मधे जाड, कडेला पातळ, एखाद्या भिंगासारखा. बेटावरच्या विहिरी या थरापर्यंतच खोदलेल्या असतात. त्या हातभर खोल वाटाव्यात इतक्या उथळ आहेत, आणि समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर त्यांतली पातळी किंचित वरखाली होते. विहिरीतून जास्त वेगाने उपसा केला तर खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर बिघडते. एकदा बिघडलेली विहीर पुढच्या पावसाळ्यापर्यंत सुधारत नाही. म्हणून त्या घरी पाहुण्यांना अंघोळीसाठी मोजून दोन बादल्या मिळतात, शॉवर मुद्दाम बसवलेला नाही, आणि पिण्याचे पाणी छपरावरून साठवलेल्या पावसाच्या टाकीतून किंवा शासनाच्या प्रकल्पातून येते. समुद्राच्या वरच्या कोमट आणि खोलवरच्या थंड पाण्यातील तापमानाचा फरक वापरून गोडे पाणी करणारा देशातला असा पहिला प्रकल्प २००५ साली शेजारच्या कवरत्ती बेटावर सुरू झाला, त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर होती, आणि पुढे अगत्तीलाही तसा प्रकल्प आला.

दुसऱ्या दिवशी माझे पती त्या विहिरीच्या काठावर बराच वेळ बसून होते. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात ठिबक असूनही केळीसाठी कूपनलिका दर काही वर्षांनी आणखी खोल न्यावी लागते, आणि भूजलाच्या सरकारी नोंदींत हे दोन्ही तालुके अतिशोषित म्हणून दाखवले गेले आहेत. आमच्या विहिरीचा तळ आम्हाला दिसत नाही म्हणून तो आहे याचा आम्हाला विसर पडतो. इथे तळ वाकून पाहता येतो. चार खोल्यांचे भाड्याचे घर बांधण्याचा हिशेब त्यांनी त्या काठावरच माझ्यासमोर मांडला. दिवसाला आठ पाहुणे, प्रत्येकाची अंघोळ, चादरी धुणे, स्वयंपाक आणि शिवाय मैला कुठे जाणार. सच्छिद्र वाळूत शोषखड्डा आणि विहीर यांच्यात अंतर ते किती ठेवणार, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि स्वतःच उत्तर न देता उठले.

आता घराच्या मालकीविषयी, ज्यामुळे या निवासाचे परीक्षण लिहावे असे मला मनापासून वाटले. या घरी आमची व्यवस्था पाहणाऱ्या बाई पन्नाशीच्या असतील. मी त्यांना ताई म्हणत होते आणि त्याही मला ताईच म्हणत होत्या, कारण तो शब्द त्यांच्या मुलाने त्यांना शिकवला. त्या जेसरी बोलतात, जी मल्याळमच्या जवळची बेटावरची बोली आहे. मुलगा कोचीत शिकलेला असल्यामुळे त्याच्या हिंदीतून आमचे बोलणे होई. पहिल्या दिवशी मी सहज विचारले, की हे घर तुमच्या यजमानांचे का. त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. हे घर त्यांच्या आईचे, त्याआधी आजीचे, आणि पुढे त्यांच्या मुलीचे. त्यांचे पती दिवसा स्वतःच्या बहिणीच्या घरी, म्हणजे स्वतःच्या तरवाडात (आईच्या वंशाच्या सामायिक घरात) असतात आणि रात्री इथे येतात. जुन्या पद्धतीत असेच होते, आता पुष्कळ जोडपी एकत्र स्वतंत्र घर करून राहतात, पण या घरी अजून तेच चालते.

लक्षद्वीपचे लोक धर्माने मुस्लिम आहेत आणि तरीही त्यांच्यात मातृवंशाची परंपरा शतकानुशतके टिकून राहिली, हे मी पूर्वी वाचले होते. पण तिचा अर्थ त्या अंगणात बसल्यावर उमगला. तिथे मालमत्तेचे दोन प्रकार मानले जातात आणि त्यांना वारांची नावे आहेत. तरवाडाची, म्हणजे आईच्या वंशातून आलेली सामायिक मालमत्ता ही शुक्रवारची. ती कोणा एकाची नसते, परंपरेने तिची वाटणी होत नाही, ती मुलींच्या पिढ्यांमधून पुढे जाते, आणि मुलग्यांना तिच्या उत्पन्नात वाटा असला तरी त्यांच्या मुलाबाळांकडे ती जात नाही. माणसाने स्वतः कमावलेली, जिची शरियतप्रमाणे वाटणी होऊ शकते ती सोमवारची. ताईंच्या घराचा प्रवाळी दगडांचा जुना भाग आणि मागच्या नारळी शुक्रवारच्या, आणि मुलाने जहाजावरच्या नोकरीतून बांधलेल्या पाहुण्यांच्या दोन खोल्या सोमवारच्या. त्या खोल्यांचे उत्पन्न कोणाचे, हे मी विचारले तेव्हा मुलगा हसला नाही की संकोचला नाही. जमीन शुक्रवारची आहे, म्हणून अर्धे घराच्या खर्चाला आणि अर्धे माझे, असे त्याने सरळ सांगितले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वडील गेल्यानंतर आम्हा दोघी बहिणींना भावाने दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेले होते आणि आम्ही हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होते. मी नववी-दहावीच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवत होते. कोणी जबरदस्ती केली नाही. माहेर तुटू नये म्हणून सही करतात, आमच्याकडे सगळ्याच करतात. दुसऱ्या दिवशी मी हे ताईंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मुलाकडून विचारले, की मग तुम्ही सणाला माहेरी जाता तेव्हा कोणाच्या घरी उतरता. मी आखाजीचे, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेचे वर्णन केले, झोका, गाणी, गौराई, सासरहून आलेल्या मुली, सगळे सांगितले, आणि शेवटी भावाच्या घरी उतरतो असे उत्तर दिले. त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या ताटात आणखी एक किलांजी, तिथली तांदळाची पातळ पोळी, वाढली.

जागा घेण्याच्या प्रश्नाचे उत्तर यातच मिळाले होते, तरी कायद्याची बाजूही नोंदवते, कारण आमच्यासारखे आणखी कोणी त्याच सल्ल्याच्या नादी लागलेले असू शकतात. लक्षद्वीपच्या लोकसंख्येपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातीचे आहेत, आणि त्यांची जमीन बाहेरच्या व्यक्तीला अशी सहजासहजी विकत घेता येत नाही. जमीन हस्तांतरणावर १९६० च्या दशकापासून निर्बंध आहेत. खानदेशातील वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही. नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे आदिवासींची जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ प्रमाणे शासकीय परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही, आणि ही तरतूद कशासाठी आली हे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. २०२१ मध्ये लक्षद्वीप विकास प्राधिकरणाच्या विनियमाचा मसुदा पुढे आला तेव्हा विकासाच्या नावाने आपल्या जमिनी घेतल्या जातील या भीतीने बेटांवर मोठा विरोध झाला होता. ताईंच्या मुलाने त्या दिवसांविषयी फार थोडे सांगितले. एवढेच म्हणाला, की आमच्याकडे जमीन संपली तर मागे सरकायला डोंगर नाही. कोणी भाडेपट्टा, भागीदारी किंवा स्थानिकाच्या नावावर खरेदी असा मार्ग सुचवत असेल, तर पैसे देण्यापूर्वी हे वाक्य आठवावे, इतकेच मी सांगेन. आमची यावलची दोन एकर अद्याप आमच्याच नावावर आहे.

जेवणाला मी पूर्ण गुण देईन, परंतु एका अटीसह. मासे खाणाऱ्यांसाठी हे घर उत्तम आहे. येथील मच्छीमार गळ आणि काठीने एकेक टूना पकडतात, मोठ्या जाळ्यांनी नव्हे, आणि सकाळी पकडलेला मासा दुपारच्या कालवणात असतो. टूना उकडून, धुरावर धरून, उन्हात लाकडासारखा कडक वाळवतात. त्याला तिथे मास म्हणतात, आणि त्याचा खोबऱ्याबरोबर केलेला कोरडा प्रकार भातावर अप्रतिम लागतो. तांदळाच्या पिठाची, रुमालासारखी पातळ किलांजी नारळाच्या दुधात गूळ घालून खायला देतात. आमच्याकडच्या खापरावरच्या मांड्यांची सवय असलेल्या जिभेलाही तिचे पातळपण थक्क करते. शाकाहारी माणसाची मात्र पंचाईत होते. मी स्वतः मासे खात नाही. भाजीपाला जहाजाने येतो, जहाज लांबले की संपतो, आणि शेवटच्या दोन दिवशी माझ्यासाठी शेवग्याची पाने, निरफणस आणि डाळ यांवरच भागवावे लागले. ताईंनी ते मनापासून केले, चवही होती, परंतु शाकाहारींनी शेंगदाण्याची चटणी आणि थोडे कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ सोबत न्यावे. मी ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, नेले होते. ताईंनी ते खोबरेल तेलात तळले आणि तळतानाच निम्मे शेजारच्या मुलांना वाटून टाकले.

समुद्राविषयी मी थोडेच लिहिते, कारण त्याची वर्णने सर्वत्र आहेत. बेटाच्या पश्चिमेला प्रवाळभिंतीच्या आत मोठे उथळ लगून आहे, पोहता न येणाऱ्या माणसालाही छातीइतक्या पाण्यात उभे राहून मासे दिसतात, आणि हिरवी कासवे समुद्री गवत चरताना मान वर काढतात. घरच्या मुलाने नेलेली काचेच्या तळाची होडी चांगली होती. त्याने आम्हाला एक गोष्ट न विचारता दाखवली, ती मला त्याच्या सेवेतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटली. रंगीत प्रवाळाचा एक भाग दाखवून झाल्यावर त्याने होडी मुद्दाम पुढे नेली आणि पांढरे, पुढे करडे पडलेले प्रवाळ दाखवले. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये समुद्राचे पाणी अति तापले आणि प्रवाळ पांढरे पडले. प्रवाळ मेले, तर भिंत झिजेल. भिंत झिजली, तर लाटा अडणार नाहीत, आणि ज्या वाळूवर घर उभे आहे ती वाळूसुद्धा प्रवाळाच्याच चुऱ्याची आहे. पाहुण्यांना फक्त सुंदर तेवढे दाखवणे त्याला सोपे होते. वाचकांनी हेही लक्षात ठेवावे, की प्रवाळाचा मेलेला तुकडादेखील घरी आणणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि परतताना सामानाची तपासणी होते.

उणिवा सांगितल्या नाहीत तर हे परीक्षण अपुरे राहील. स्कूबाचा आणि शेजारच्या निर्जन बेटावर जाण्याचा दर आधी सांगितला गेला नव्हता, आणि तो ऐनवेळी ऐकून आमच्या शेजारच्या खोलीतले तरुण जोडपे नाराज झाले. दर खोलीत लिहून लावावेत, असे मी ताईंच्या मुलाला सुचवले आणि त्याने ते मान्य केले. न्हाणीघरात वृद्धांसाठी धरायला कठडा नाही. घराच्या मागे प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग होता. तो मुख्य भूमीवर परत जाईपर्यंत तिथेच राहतो, आणि त्यातल्या बहुतेक बाटल्या पाहुण्यांनीच आणलेल्या होत्या. यावर घरापेक्षा पाहुण्यांनी उपाय करायला हवा. मोबाइलचे जाळे बरे चालले. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्रतळाची तार बेटांपर्यंत आल्यापासून इंटरनेट सुधारल्याचे घरचे लोक सांगत होते, तरीही काही रोकड जवळ असू द्यावी. बेटावर दारूबंदी आहे, गावातून फिरताना अंगभर कपडे अपेक्षित आहेत, आणि शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी सगळे बंद असते. हे ज्याला बंधन वाटेल त्याने दुसरे ठिकाण निवडावे. बेटावर रुग्णालय आहे, पण गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागते, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलूनच निघावे.

आम्हा दोघांचे मिळून, तीन वेळचे जेवण, चहा आणि एक होडीची फेरी धरून, दिवसाला सात हजार रुपये झाले. केवळ खोलीचा विचार केला तर ही रक्कम जास्त आहे. याच पैशांत महाबळेश्वरला याहून मोठी खोली मिळते. परंतु ज्या ठिकाणी नारळ आणि मासा सोडून जवळपास प्रत्येक वस्तू समुद्र ओलांडून येते, तिथे ताटातला एक टोमॅटो किती महाग आहे हे दोन दिवसांत समजते, आणि मग मला तो हिशेब न्याय्य वाटला. पाच गुणांपैकी मी निवासाला चार, जेवणाला साडेचार, माणसांना पाच आणि प्रवासाच्या व्यवस्थेला दोन गुण देते; शेवटचे दोन गुण त्या घराच्या खात्यात धरू नयेत.

ज्यांना जायचे असेल त्यांनी ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत जावे; पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि जहाजे कमी होतात. किमान पाच दिवस द्यावेत, कारण पहिला दिवस जहाजाची झिंग उतरण्यात जातो. परतताना आम्ही विमान घेतले आणि ते योग्य ठरले. दोन खोल्यांपैकी विहिरीकडची मागावी; तिला वारा जास्त लागतो आणि खिडकीतून वाळत घातलेले खोबरे राखणारी ताईंची आई दिसते, जी हातातल्या लांब काठीने बसल्या जागेवरून कोंबड्या हाकलते. आणि यावल, रावेर, चोपड्याकडचे कोणी जाणार असेल तर बिबड्यांचा एक पुडा जास्त न्यावा. परवा ताईंचा फोन आला होता, आणि बिबडे ज्वारीचेच हवेत, हे त्यांनी मुलाकडून दोनदा सांगितले.